कोल्हापूरची तीर्थं पायी फिरताना: माझ्या फील्ड प्रोजेक्टची हकीकत

आमच्या एम.ए. इतिहासच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला फील्ड प्रोजेक्ट असतो, चार क्रेडिटचा, म्हणजे कागदोपत्री १२० तास. तो अंगावर येतो तेव्हा नक्की काय करायचं हे कुणी नीट सांगत नाही. मागच्या बॅचच्या मुलींना विचारलं तर एकीने सर्व्हे फॉर्म भरून घेतलेले, एकीने म्युझियमच्या वस्तूंची यादी केलेली, तिसरी म्हणाली की काहीही कर पण तारखा आणि सह्या नीट ठेव. मी मूळची परभणीची, कोल्हापुरात येऊन सहा-सात महिने झालेले, हॉस्टेल ते कॉलेज आणि शुक्रवारी अंबाबाई एवढंच शहर मला माहीत होतं. तेव्हा कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं काय झालं ते लिहिलेलं असतं तर खूप बरं वाटलं असतं, म्हणून आता सबमिशन झाल्यावर हे लिहितेय.

विषय ठरायलाच डिसेंबर गेला. मला अंबाबाईच्या मंदिराचं स्थापत्य घ्यायचं होतं. गाईड सर म्हणाले त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, तू नवीन काय बघणार? मग त्यांनीच विचारलं की कोल्हापूरला दक्षिण काशी म्हणतात, करवीर माहात्म्य या जुन्या पोथीत (करवीर म्हणजे कोल्हापूरच) इथल्या तीर्थांच्या नावांची रांग लागलेली आहे, त्यातली आज कुठं आहेत हे चालत जाऊन बघशील का? मी हो म्हटलं खरं पण रात्री झोप आली नाही, कारण मला तर गंगावेश कुठं आणि मिरजकर तिकटी कुठं हेही धड कळत नव्हतं. शेवटी दोन पानी प्रस्ताव लिहिला, 'करवीर क्षेत्रातील तीर्थस्थाने: आजची स्थिती', आणि ६ जानेवारीला तो मंजूर झाला. पहिला आठवडा मी करवीर नगर वाचन मंदिरात बसून काढला. १८५० साली सुरू झालेलं वाचनालय आहे हे, जुन्या कोल्हापुरावर मराठीत जे काही आहे ते तिथं बसून वाचता येतं. वहीत तीर्थाचं नाव, जुनी जागा, आजचं ठिकाण आणि 'पाणी आहे का' असे चार रकाने आखले. चौथा रकाना सहज म्हणून टाकला होता, पण सगळा प्रोजेक्ट शेवटी त्याच रकान्याभोवती फिरला.

आता कागदपत्रं. ज्यांना हे करायचंय त्यांनी हा भाग नीट वाचा. दोन गोष्टी लागतात, बोनाफाईड आणि विभागाचं परिचयपत्र ('सदर विद्यार्थिनी अमुक विषयावर काम करत असून तिला सहकार्य करावे' असं). बोनाफाईडला ५० रुपये भरले, दोन दिवसांत मिळालं. परिचयपत्राला मात्र वेळ लागला, आधी आपला अर्ज, त्याला ओळखपत्राची झेरॉक्स, गाईडची सही, मग विभागप्रमुखांची सही, मग जावक क्रमांक, मग गोल शिक्का. एक सही राहिली की सगळं थांबतं. माझं पत्र १७ जानेवारीला हातात पडलं. पत्रावर 'संबंधित अधिकारी/विश्वस्त/पुजारी' असं मोघम लिहून घ्या, एकाच कार्यालयाचं नाव घातलं तर दुसरीकडे ते चालत नाही. रंगीत झेरॉक्स काढून ठेवा, गोल शिक्का निळा दिसला की समोरच्याचा विश्वास पटकन बसतो, हे मी स्वतः बघितलंय.

२० जानेवारीला मी फोटो आणि मोजमापाच्या परवानगीचे अर्ज दिले. अंबाबाईसकट जिल्ह्यातली बरीच देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे येतात, समितीच्या अखत्यारीत तीन हजारांवर देवस्थानं आहेत, पण सगळीच नाहीत, काही खासगी आहेत, काही गल्लीतल्या मंडळाकडे, काही गुरव घराण्याकडे. त्यामुळे कुठलं देऊळ कुणाकडे हे आधी शोधावं लागतं. एका कार्यालयात (नाव नको) मला रोज 'साहेब नाहीत' एवढंच ऐकायला मिळायचं आणि अर्ज टेबलावरच पडून होता. शेवटी तिथल्याच एका शिपाईकाकांनी हळूच सांगितलं, "ताई, अर्ज टेबलावर ठेवू नका, आवकमध्ये द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, मग तो हरवत नाही." तेव्हापासून प्रत्येक अर्ज दोन प्रतीत. उत्तर यायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मला फार अस्वस्थ वाटायचं, सगळ्यांचं काम सुरू झालंय आणि माझं कागदावरच अडकलंय असं. सर म्हणाले, चालायला आणि बघायला परवानगी लागत नाही, वही घे आणि नीघ.

पहिल्या सकाळी सहाला निघाले. घाटी दरवाजातून आत गेले, मुखदर्शनाच्या रांगेत न लागता आधी बाहेरून प्रदक्षिणा घातली. दर शुक्रवारी यायचे पण भिंतीकडे मान वर करून कधी बघितलंच नव्हतं. काळ्या दगडाच्या त्या भिंतीला किती कोपरे आहेत, ताऱ्यासारखा आराखडा म्हणतात तो काय हे बाहेरून चालल्यावरच कळतं, प्रत्येक कोपऱ्यावर सावली वेगळी पडते आणि त्यात योगिनींच्या मूर्ती एकेक करून उजळत जातात. मंदिर एका काळातलं नाहीच, मूळ चालुक्यांपर्यंत मागे नेतात, पुढे शिलाहार आणि यादवांच्या काळात भर पडली, शिखरं त्यानंतरची. धामधुमीच्या काळात मूर्ती लपवून ठेवलेली होती आणि १७१५ मध्ये तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली. हे सगळं वाचलेलं होतं, पण सकाळी सहाला दगड गार असतो आणि काकड आरतीला आलेल्या बायका तुमच्या शेजारून पुटपुटत जातात तेव्हा वाचलेल्या तारखा जवळच्या वाटायला लागतात. आवारातच मणिकर्णिका कुंड आहे. हे कित्येक वर्षं भराव टाकून बुजवलेलं होतं, अलीकडच्या काळात खणून पुन्हा उघडं केलं. माझ्या यादीतलं पहिलं नाव, आणि ज्या आवारात मी एवढ्या वेळा आले तिथंच ते होतं.

जानेवारीच्या शेवटी किरणोत्सव असतो, त्यासाठी मुद्दाम दोन संध्याकाळी राखून ठेवल्या. देवी पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असं एकेक ओलांडत गाभाऱ्यात पोचतात, आधी पायांवर, दुसऱ्या दिवशी वर, मग चेहऱ्यावर. आतले दिवे बंद करतात. अभ्यासक मंडळी प्रत्येक टप्प्यावर उपकरण धरून प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये मोजतात, मी त्यातल्या एका सरांच्या मागे उभी राहून वेळा लिहून घेतल्या. त्या संध्याकाळी हवा धूसर होती, किरणं आत गेली पण चेहऱ्यापर्यंत चढली नाहीत. गर्दीतून एकदम 'आई अंबाबाईच्या नावानं चांगभलं' झालं तेव्हा माझा पेन थांबला. वाटेतल्या इमारतींचे अडथळे हा इथं दरवर्षीचा विषय आहे आणि तिथं उभं राहिल्यावर कळतं की लोकांना तो एवढा का लागतो. या दिवसांत गेलात तर साडेचारच्या आत आत शिरा, नंतर बाहेरच्या पडद्यावरच बघावं लागतं.

मग खरं शोधकाम सुरू झालं. कपिलतीर्थ. मॅपवर टाकलं की भाजी मंडई येते, मला वाटलं मॅप चुकतोय. ताराबाई रोडवर तीनदा इकडून तिकडे केलं, शेवटी मेथीच्या पेंढ्या लावून बसलेल्या एका मावशींना विचारलं, मावशी इथं तीर्थ कुठं होतं? त्या म्हणाल्या, "तू उभारलीयास तितंच की गं पोरी." मग त्यांनीच शेजारच्या बाईला मेथीकडे बघायला सांगून मला कपिलेश्वराच्या देवळापर्यंत नेलं. कपिलेश्वर म्हणजे कोल्हापूरचं ग्रामदैवत, आणि आज त्याच्या भोवती कांदे, बटाटे, कोथिंबीर, आणि हातगाड्यांतून वाट काढत आलेली माणसं. देऊळ लहान, आत गार. तळं कधीच भरून टाकलं, मंडई झाली, पण नाव मंडईला राहिलं आणि सकाळी दुकान लावायच्या आधी तिथले कितीतरी जण देवाला पाणी घालून मगच बोहनी करतात. चौथ्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि मला ते अपुरं वाटलं, म्हणून शेजारी पाचवा रकाना काढला, 'आज इथं लोक काय करतात'. सरांना नंतर तो रकाना सगळ्यात जास्त आवडला.

तिथून जवळच बाबूजमाल दर्गा. यादीत दर्गा नव्हता कारण यादी तीर्थांची होती, पण त्या वाटेने जाऊन तो न बघणं मला जमलंच नसतं. दर्ग्याच्या दारावर गणपती आहे. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले त्या वर्षी पंजा आणि गणपती शेजारी शेजारी बसवले होते हे तिथल्या तालमीतल्या मुलांनी अगदी कौतुकाने सांगितलं. मी रिपोर्टमध्ये वेगळं टिपण म्हणून ते घातलं. कोल्हापुरात काही विचारायचं असेल तर तालमीत विचारा, हे माझं ठाम मत झालंय. पेठेतली कुठली गोष्ट कुठं होती, कुणाच्या परड्यात आता काय आहे, हे त्यांना पाठ असतं. मुलगी एकटी वही घेऊन फिरतेय म्हणून सुरवातीला मला भीती वाटायची, कुणी काही बोललं तर? पण मला उलटच अनुभव आला. 'कुठल्या गावची?', 'जेवलीस का?', 'तो कोपऱ्यावरचा म्हातारा आहे ना त्याला विचार' असंच सगळीकडे.

महाद्वार रोड संपतो तिथं बिनखांबी गणेश मंदिर, आत खरंच एकही खांब नाही. तिथून शिवाजी पेठेकडे वळलं की गांधी मैदान, म्हणजे वरुणतीर्थ. इथं तळं होतं. वेशीला अजून वरुणतीर्थ वेस म्हणतात. मैदानाच्या कट्ट्यावर एक आजोबा बसले होते, त्यांना परिचयपत्र दाखवलं तर ते वाचायच्या आधीच सुरू झाले, लहानपणी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं सगळं. "तळं बुजवलं म्हनून पानी जातंय व्हय? पाऊस झाला की मैदानात साठतंयच बघ, क्रिकेट बंद." मी आवाज रेकॉर्ड करू का विचारलं तर म्हणाले कर की, पण माझं नाव घालू नको. म्हणून सांगते, रेकॉर्डिंगच्या आधी विचाराच आणि संमतीचं एक वाक्य रेकॉर्डिंगमध्येच घ्या, व्हायवाला (तोंडी परीक्षेत) ते विचारतात. मैदानाजवळच फिरंगाई. कोल्हापूरच्या नवदुर्गांतली एक, तिथं लोक पीठ-मीठ वाहतात. नवदुर्गा म्हणजे एकवीरा, पद्मावती, महाकाली वगैरे, पेठांत विखुरलेल्या, आणि नवरात्रात त्यांच्या दर्शनासाठी खास केएमटी (शहराच्या) बस सुटतात. मी पायीच गेले, त्यातल्या एका देवळाला कुलूप होतं तर समोरच्या घरातल्या काकूंनी किल्लीवाल्यांना फोन केला आणि ते येईपर्यंत मला दूध दिलं.

१२ फेब्रुवारीला परवानग्या आल्या. गाभाऱ्यात फोटो नाही, बाहेरून चालेल, मोजमाप सकाळी गर्दी व्हायच्या आधी, आणि केलेल्या कामाची प्रत शेवटी कार्यालयात जमा करायची. मला हे पुरेसं होतं. खरं तर तोपर्यंत मी हाताने रेखाटनं काढायला लागले होते आणि फोटोपेक्षा त्यातच जास्त दिसतं असं वाटायला लागलेलं. चित्र काढायला बसलं की वीस मिनिटं एका जागी बसावं लागतं, आणि वीस मिनिटं बसलं की कुणीतरी येऊन बोलायला लागतं.

नदीकडची वाट मला सगळ्यात आवडली, त्यामुळे तिकडे मी वरचेवर जात राहिले. सुरवात गंगावेशेत, सकाळी दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, ते पिऊन निघायचं. शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन भट्टारकांचा जैन मठ, आत आदिनाथांची प्रचंड उंच मूर्ती, समोर मानस्तंभ. शिलाहार राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव याने बाराव्या शतकात कोल्हापुरात रूपनारायण बसदी (जैन मंदिर) बांधली, हे वर्गात शिकताना नुसतं नाव होतं. मठातल्या एका बाईंनी मला बसवून पाणी दिलं आणि विचारलं, तुमच्या प्रोजेक्टमध्ये आमचं येतं का? मी येतं म्हटलं, आणि ते यायलाच हवं हे त्या क्षणी माझं पक्कं झालं. एकाच शहराला इतक्या धर्मांच्या लोकांनी आपलं क्षेत्र मानलंय तर यादी एकाच पोथीवरून करून चालणार नव्हतं. सरांशी बोलून विषयात 'व परिसरातील अन्य पवित्र स्थळे' एवढी भर घालून घेतली, त्यासाठी परत एक अर्ज, परत सही, आठवडा गेला.

उत्तरेश्वराच्या देवळात भलंमोठं लिंग आहे, गुरवांनी मला त्याच्या पूजेचा क्रम समजावून सांगितला. मग खाली पंचगंगा घाट. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची ही पंचगंगा, संगम वर प्रयाग चिखलीला. घाटावर लहान लहान देवळं थेट पाण्यात उभी आहेत, फेब्रुवारीत पाणी उतरलेलं म्हणून मला पायऱ्यांपर्यंत जाता आलं, पावसाळ्यात त्यांची शिखरंही दिसत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ ला धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते घाटाजवळच्या प्रत्येक घरात हात वर करून दाखवतात. माझ्या यादीत 'पाणी आहे का' पुढे पहिलं ठसठशीत 'आहे' इथं लिहिलं.

घाटाच्या शेजारीच ब्रह्मपुरी टेकडी. आज वस्ती आहे, वर चढताना वाटतही नाही की आपण सातवाहनकाळच्या कोल्हापूरवरून चाललोय. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथं उत्खनन केलं. इथंच सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये आहे, ग्रीक समुद्रदेव, वीतभरसुद्धा उंची नाही. समुद्रापासून एवढ्या आत, घाटमाथ्याच्या अलीकडे, दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तो आणला, कोकणातल्या बंदरातून घाट चढून. मी त्या काचेसमोर इतका वेळ उभी राहिले की सुरक्षारक्षक काकांनी स्टूल दिलं. म्युझियम सोमवारी बंद असतं, आणि रेखाटनाला पेन्सिलच न्या, पेन चालत नाही.

रंकाळा एका संध्याकाळी उरकेल असं वाटलं होतं पण नाही उरकला. संध्यामठ हा पाण्यातला दगडी मंडप, उन्हाळ्यात पाणी कमी झालं की जवळून दिसतो आणि पावसाळ्यात बुडतो. मी मार्चमध्ये गेले तेव्हा खांबांवर पाण्याच्या पातळ्यांच्या रेघा दिसत होत्या. काठावरच्या देवळात मोठा नंदी आहे, तो रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, रंकाळ्यात पोचला की प्रलय होणार, ही गोष्ट मला एका सात-आठ वर्षांच्या मुलाने सांगितली. त्याने मोजून ठेवलेली फरशीही दाखवली.

पूर्वेकडच्या शहरात पायी जाणं जरा लांब पडतं. शाहू स्टेडियमला गेले तेव्हा फुटबॉलची मॅच सुरू होती, पीटीएम या संघाचे समर्थक ढोल घेऊन आलेले, आत एवढा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्याच जागी रावणेश्वराचं तळं होतं. देऊळ शेजारीच आहे. मॅच सुटल्यावर घामाघूम पोरं देवळाच्या कट्ट्यावर बूट सोडत बसली, त्यातल्या एकाने जाताना पिंडीला हात लावून कपाळाला लावला. पाचव्या रकान्यात मी ते जसंच्या तसं लिहिलं. कोटीतीर्थाला मात्र अजून पाणी आहे, काठावर महादेव आहे, आणि कपिलतीर्थ, वरुणतीर्थ, रावणेश्वर बघून मग इथं आलं की तो काठ बघून जीव भरून येतो. हे राहायला हवं, एवढंच मी रिपोर्टच्या शेवटी लिहिलं आणि सरांनी ते वाक्य काटलं नाही. टेंबलाई देवीच्या देवळात बसने गेले. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी इथं येते आणि कोहळा फोडतात, देवीने मारलेल्या कोल्हासुराची आठवण म्हणून. आषाढात नदीचं नवीन पाणी कळशांतून इथं आणतात, पी ढबाक ही वाद्यं वाजवत. तेव्हा मी इथं नव्हते, पण तिथल्या पुजारीणबाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, आषाढात ये, कळशी मी देते.

काही बारीक गोष्टी. मार्चपासून दहाच्या पुढे देवळांच्या आवारातली फरशी पोळते, पिशवीत सुती मोजे ठेवा. चप्पल पिशवीतच घ्या, प्रत्येक देवळात परत त्याच दाराने बाहेर पडता येत नाही. अंबाबाईला मंगळवार-शुक्रवार आणि रविवारी मोजमापाचं काम होत नाही. सोमवारी महादेवाच्या देवळांत लोक भेटतात, बाकी दिवशी गुरवही नसतात. अंगभर कपडे घाला. फील्ड डायरीवर त्याच दिवशी सही घ्या, नंतर त्या माणसाला शोधत फिरावं लागतं. कुणी शिकलेलं नाही म्हणून सही टाळत असेल तर आग्रह करू नका, डायरीत तसं लिहा, चालतं.

खर्च सगळा मिळून अडीच हजारांच्या आसपास आला. त्यात सगळ्यात मोठा वाटा रंगीत प्रिंट आणि बाइंडिंगचा, मग रिक्षा, झेरॉक्स, बस. मिसळ आणि भेळ यात धरलेली नाही. चैत्रात जोतिबाला हॉस्टेलच्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर चालत गेले, पंचगंगेचा पूल ओलांडून, पहाटे वर पोचलो तेव्हा सासनकाठ्या आणि गुलाल याशिवाय काही दिसत नव्हतं, पण ते प्रोजेक्टच्या हद्दीबाहेर म्हणून त्यात घातलं नाही.

रिपोर्ट लिहायला मला फिरण्यापेक्षा जास्त त्रास झाला. टिपणं इतकी झालेली की कुठून सुरवात करू कळेना, रडूही आलं एकदा. शेवटी वाटांप्रमाणे प्रकरणं केली, नदीची वाट, पेठांची वाट, तळ्याची वाट, पूर्वेची वाट, आणि शेवटी पाच रकान्यांचा तक्ता. व्हायवा एप्रिलच्या शेवटी झाली. बाहेरून आलेल्या मॅडमनी तक्ता उघडला आणि विचारलं, पाणी नाही, मग तू याला तीर्थ म्हणून का मोजलंस? मी कपिलतीर्थाच्या मावशींचं सांगितलं, मैदानातल्या पावसाचं सांगितलं, स्टेडियममधल्या मुलाचं सांगितलं. त्यांनी आणखी विचारलं की आजोबांच्या सांगण्याला पुरावा काय, तेव्हा मी जुन्या नकाशावरची जागा दाखवली. वीसेक मिनिटं चाललं. घशाला कोरड पडली होती, पण एकही प्रश्न असा नव्हता की ज्याचं उत्तर माझ्या पायांनी बघितलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या प्रबंधाला हाच विषय घेतलाय. गांधी मैदानात पाणी साठलेलं आणि संध्यामठ बुडालेला, दोन्ही फोटो हवेत, शिवाय टेंबलाईची कळशी आहेच. त्यासाठी सुट्टीत हॉस्टेलला राहायची मुदतवाढ लागते, तो अर्ज परवा दिलाय, दोन प्रतीत, आवकचा शिक्का घेऊन.